फ्लेक्स उतरवा, वही उघडा

(पत्र थोडं कापून देत आहे. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत.)

“ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय 31. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या जिवलग मित्राचा अपघात झाला. रात्री मिरजेहून मोटारसायकलवर येत होता. रस्त्याकडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी. ना दिवा, ना रिफ्लेक्टर. तो थेट मागनं धडकला. मणक्याचं ऑपरेशन मिरजेत झालं, ते जनआरोग्य योजनेत बसलं. कमरेखाली काहीच कळत नव्हतं. आता डाव्या पायाची बोटं हलतात, उजव्या मांडीत थोडी ताकद आलीय. डॉक्टर म्हणाले, फिजिओ सोडू नका. दहावीची बॅच, मंडळ, पाहुणे असं करून आम्ही बारा दिवसांत 3,86,000 रुपये जमवले. सगळे माझ्या खात्यावर, माझ्याच क्यूआर कोडवर आले. 3,10,000 खर्च झाले, 76,000 उरलेत. महिन्याला साडेसतरा हजार लागतात. आता पुन्हा मागायला गेलं की लोक विषय बदलतात. पारावर बोलणं चाललंय, ‘पैसं कुठं गेलं?’, ‘त्याचा बेदाणा स्टोरेजला पडलाय आणि आमच्यापुढं हात पसरत्यात.’ मग मंडळानं क्रिकेट स्पर्धा घ्यायचं ठरवलं आणि चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावला. त्याचा फोटो कुणीतरी त्याला पाठवला. तो मला म्हणाला, ‘बास कर आता. मी मेलो नाही अजून.’ तेव्हापासून धड बोलत नाही. ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचा, आमच्या पाहुण्यातला. त्यानं 25,000 दिले आणि मिटवून घ्या म्हणाला. बायको म्हणते, तुम्ही आता आपला संसार बघा. काय करू?”

आधी कॅलेंडर बघा. पत्र जूनमधलं आहे आणि अपघात जानेवारीच्या शेवटी झाला. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत टाकायचा, अशी तरतूद 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा लागू झाली आहे. म्हणजे तुमच्याकडे जुलैचा शेवटचा आठवडा येईपर्यंतच वेळ आहे. पूर्ण पत्रात तुम्ही चार पानं क्रिकेट स्पर्धेवर लिहिलीत आणि दाव्यावर अर्धी ओळ, तीही ‘मिटवून घ्या’ची. तुमच्यावर रागावत नाही. पाहुण्यातल्या माणसावर कोर्टात जायचं म्हटलं की आपल्याकडे जीभ जड होते, हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट ट्रॅक्टरवाल्यालाही समजावून सांगा. त्याच्या ट्रॅक्टरचा विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी भरते, त्याच्या खिशातून जात नाही. जे त्याला 25,000 देऊन मिटवायचं आहे, ते कदाचित काही लाखांचं आहे. आणि तुमच्या मित्राला पुढची दोन-तीन वर्षं काढायची आहेत.

तेव्हा स्टॅम्प पेपरवर कुणीही, काहीही सही करू नका. एफआयआरची प्रत, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं आणि त्याचा सातबारा एका फाईलला लावा आणि सांगलीला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जा. वकिलाची फी हा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. वेग, हेल्मेट यावरून थोडी चूक तुमच्या मित्राचीही धरली जाईल. धरू देत. तेवढा वाटा वजा होतो, दावा बुडत नाही. त्या 25,000 ची मात्र नोंद ठेवा. कोणत्या तारखेला आले, कशासाठी म्हणून दिले, कुणासमोर दिले, सगळं लिहा.

आता पैशांकडे येते.

मी सांगलीत एका पतसंस्थेत एकतीस वर्षं कॅशियर होते. नोकरी लागून तीन वर्षं झाली असतील, आमच्या शिपायाच्या बायकोचं मोठं आजारपण निघालं. वर्गणी काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी प्रामाणिक. पाकीट ड्रॉवरमध्ये, नावं डोक्यात. शेवटी अकराशे रुपयांचा मेळ लागेना. मी माझ्या पगारातून घातले आणि कुणाला सांगितलं नाही. तरी पुढची दहा वर्षं चहाच्या वेळी कुणी ना कुणी “मॅडमचं ते पाकीट” म्हणून हसायचं. मी चोर आहे असं कुणाला वाटत नव्हतं. पण वही नव्हती, म्हणून हसायला जागा होती.

पारावरच्या लोकांवर चिडू नका. ‘पैसं कुठं गेलं’ हा शिवीसारखा वाटला तरी साधा प्रश्न आहे आणि त्याला कागदाचं उत्तर लागतं. एका रविवारी बसा. बँकेचं स्टेटमेंट काढा, डाव्या बाजूला आलेला प्रत्येक रुपया, उजव्या बाजूला गेलेला. ज्याची पावती नाही तिथे ‘पावती नाही’ असंच लिहा. गाडीचं डिझेल, दवाखान्यात थांबलेल्या पोरांचं जेवण, हेही लिहा. लाजून ते ‘इतर’मध्ये ढकललंत की लोकांची नजर नेमकी तिथेच जाईल. मग तो हिशोब आधी मित्राला दाखवा. त्याच्या बायकोलाही दाखवा. तिचा उल्लेख तुमच्या सात पानांत एकदाच आला आहे, ‘वहिनी रडत होत्या’ एवढाच. ती घर चालवते आहे, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्यांनी पाहिला की मगच ग्रुपवर टाका.

दुसरं, तुमचं खातं यातून बाहेर काढा. त्याच्या नावावर वेगळं खातं उघडा. तो, त्याची बायको आणि तुम्ही किंवा बॅचमधला आणखी एक जण, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं लिहून द्या. हात चालतात ना त्याचे? मग सही त्याची हवीच. उरलेले 76,000 तिथे वळते करा. आणि तासगावातल्या एखाद्या सीएला अर्धा तास भेटा. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात 50,000 च्या वर रक्कम भेट म्हणून आली तर ती उत्पन्नात धरली जाते. तुमच्या खात्यावर पावणेचार लाखांच्या वर पैसे आले आहेत आणि ते तुमचे नाहीत, हे दाखवायला पुन्हा तीच वही लागणार. घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या वर्षी नोटीस आल्यावर कागद शोधत बसण्यापेक्षा आत्ता विचारलेलं बरं.

लोक तोंड का फिरवतात, याचा तुम्ही फार कडू अर्थ काढला आहे. माझं घर सांगलीच्या गावभागात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत पहिल्या आठ दिवसांत बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे एवढे आले की ठेवायला जागा नव्हती. पाणी ओसरलं, घरात गुडघाभर चिखल, भिंती फुगलेल्या, आणि तेव्हा मात्र खराटा घेऊन आलेले चारच जण. माणसं वाईट नव्हती. रडणं दिसतं तेव्हा हात खिशात जातो. चिखल काढणं महिनाभर चालतं, ते कुणाला दिसत नाही. तुमच्या मित्राचं आता चिखल काढणं चालू आहे. अपघात सगळ्यांना कळला. आज पायाचं एक बोट किती हललं, हे फक्त तुम्हाला आणि वहिनींना कळतं. त्यामुळे बारा दिवसांत जमलं तसं आता जमणार नाही. जमवूही नका.

तुमच्याकडे भिशी सगळे लावतात. तीच चाल वापरा. महिन्याला साडेसतरा हजार लागतात असं तुम्ही लिहिलंत: फिजिओचे 8,000, दिवसा मदतीला येणाऱ्या माणसाचे 6,000, औषधं आणि लघवीच्या नळीबिळीचं सामान 3,500. दरमहा 500 देणारी 35 माणसं मिळाली की हा आकडा जुळतो. बॅचच्या ग्रुपवर 52 जण आहेत म्हणता. त्यातले पंचवीस नक्की निघतील, दहा बाहेरून शोधा. एक वर्षासाठीच मागा, मुदत सांगून. शेवट दिसत असला की माणूस हो म्हणतो. दर महिन्याच्या पाच तारखेला, पगार झाल्यावर लगेच. ज्याला जमणार नाही त्यानं त्या महिन्यात नुसता अंगठा दाखवायचा, कारण विचारायचं नाही. 76,000 ला हात लावू नका. ते अडीअडचणीला, म्हणजे लघवीला संसर्ग झाला, ताप आला, अचानक ॲडमिट करावं लागलं, तर.

ग्रुपवर काय लिहायचं, असंही विचारलंत. मी असं लिहीन: “अपघातानंतर तुम्ही दिलेल्या पैशांचा पूर्ण हिशोब सोबत आहे. शंका असेल तर फोन करा, वही घरी ठेवली आहे. फिजिओ अजून वर्षभर चालेल. त्यासाठी 35 जणांनी दरमहा 500 असं ठरवतोय. नाव देणं ऐच्छिक, न देणाऱ्याची यादी होणार नाही. बेदाणा शिल्लक आहे, त्याचं काय करायचं ते तो ठरवेल. हा मेसेज त्याला दाखवून टाकला आहे.” शेवटचं वाक्य खरं असेल तेव्हाच टाका. खाटेवरचा फोटो नको, हात जोडलेली चिन्हं नकोत, ‘एक हात मदतीचा’ तर मुळीच नको.

बेदाण्याचं मी मुद्दाम त्यात घातलं, कारण गावाला ते माहीत आहे आणि तुम्ही ते लपवल्यासारखं करताय. लपवायचं काय आहे त्यात? नवरा दवाखान्यात असताना वहिनींनी आणि तुम्ही पोरांनी माल उतरवला, शेडवर वाळवला, दर पडला म्हणून स्टोरेजला ठेवला. ज्याच्याकडे माल आहे त्यानं पडेल भावात फुंकून मगच मदत घ्यावी, असा नियम कुठे आहे? पण ‘आमच्याकडे काहीच नाही’ असंही म्हणू नका. बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. बेदाणा त्यात बसतो, व्याज सहा टक्के असतं, मालाच्या किमतीचा काही भाग हातात येतो आणि भाव सुधारला की विकता येतो. विकायचा की तारण ठेवायचा, हे त्याला ठरवू द्या. अंथरुणावर पडल्यापासून त्याला कुणी काही ठरवायला सांगितलंय का?

आणि बाग! पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त इथे अडखळले. दीड एकर द्राक्षबाग आहे, एप्रिलची खरड छाटणी ‘कशीबशी’ झाली, एवढं एक वाक्य. पुढच्या वर्षीचा घड या पावसाळ्याआधीच्या काडीत तयार होतो, हे मी तासगावच्या माणसाला सांगायला नको. ऑक्टोबरची छाटणी चुकली, मग डावणी आणि भुरी या रोगांवरच्या फवारण्या वेळेवर झाल्या नाहीत, तर त्याचं वर्षाचं उत्पन्न गेलं. ते 500 रुपयांच्या भिशीनं भरून निघणार नाही. पैसे द्यायला जे बिचकतात त्यांना इथे बोलवा. आपल्या आजोबांच्या वेळी इर्जिक घालायचे, सावड करायचे, म्हणजे एकमेकांच्या शेतात मजुरी न घेता राबायचे. बायकांच्या टोळीत अजूनही सावड चालते. आठ जणांनी महिन्यातून दोन रविवार दिले तर शेंडा, विरळणी, बांधणी होऊन जाईल. फवारणीचं वेळापत्रक तो खाटेवरून सांगेल, कारण औषधाचं डोकं त्याचंच आहे असं तुम्हीच लिहिलंत. सांगू दे त्याला. फोनवर ओरडू दे, ‘अरे, तो नोझल बदल आधी.’ ते ओरडणं तुम्ही दोघांनी पाच महिन्यांत केलेलं नाही.

सरकारी कागदांचं पटकन सांगते. घरी येणाऱ्या फिजिओला जनआरोग्य योजना लागू नाही, पण आठवड्यातून एक दिवस मिरजेच्या सिव्हिलमधल्या फिजिओथेरपी विभागात नेलंत तर खर्च उतरेल आणि घरच्यांना व्यायाम शिकता येतील. त्याच्या बँक पासबुकात मेअखेरीस 20 रुपये कापल्याची नोंद आहे का बघा. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. मात्र गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली नोंद शोधा, कारण वर्ष 1 जून ते 31 मे असं धरतात आणि अपघात जानेवारीतला आहे. दोन्ही पायांचा उपयोग कायमचा गेला तर त्यात 2 लाख मिळतात. देव करो आणि तो त्यात न बसो, पण बँकेत कळवून ठेवा. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे, तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत करायचा असतो. मुदत उलटली, तरी उशिराचं कारण लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिलला नाव नोंदवा. 40 टक्क्यांच्या वर आलं की एसटीत 75 टक्के सवलत मिळते. ग्रामपंचायतीनंही स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ते सरपंचांना विचारा. भीक म्हणून नाही, ग्रामसभेत उभं राहून.

एक गोष्ट पैशांची नाही, पण पैसे वाचवणारी आहे. पायाला जाण कमी असली की एका कुशीवर पडून जखम होते आणि ती कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, रात्रीसुद्धा. अशी एक जखम चिघळली की तुमची अख्खी भिशी तिच्यावर जाईल. रात्री वहिनी एकटीच उठत असेल. आठवड्यातून दोन रात्री बॅचमधल्या कुणीतरी तिथे झोपायला जा. गप्पाही होतील.

क्रिकेट स्पर्धा रद्द करा. जूनअखेरीला मैदान राहतं का? मंडप, टेनिस बॉल, पंच, कॉमेंट्रीवाला, ट्रॉफ्या, वरून साउंड. खर्च पन्नास हजार, शिल्लक दहा, आणि पुन्हा तोच प्रश्न पारावर. शिवाय असं जाहीर पैसे गोळा करायला गणपतीला काढता तशीच धर्मादाय कार्यालयाची कलम 41-क ची परवानगी लागते, हे मंडळाच्या अध्यक्षांना चांगलं माहीत आहे.

राहिलं त्याचं न बोलणं. तुम्ही त्याच्यासाठी एवढं केलंत आणि तो फ्लेक्सवरून रुसला, असा सूर पत्रात आहे. जरा त्याच्या खाटेवर बसून बघा. पाच महिने त्याला दुसरे उचलतात, दुसरे धुतात, त्याच्या लघवीची चर्चा त्याच्यासमोर होते. आणि एक दिवस मोबाईलवर तो स्वतःलाच बघतो, चौकात, हार घालायचा तेवढा बाकी. आपल्याकडे फ्लेक्सवर माणूस दोनच वेळा येतो, वाढदिवसाला आणि श्रद्धांजलीला. वाढदिवस त्याचा नव्हता. त्यानं जे म्हटलं त्यात राग आहे, पण ‘अजून’ हा शब्द मला बरा वाटला. त्याची माफी मागा. कारणं न देता मागा, ‘आम्ही तुझ्यासाठीच...’ हे वाक्य तोंडात आलं तर गिळा. मग वही त्याच्या मांडीवर ठेवा आणि विचारा, पुढचं कसं करायचं. तो नको म्हणाला तर त्या दिवशी नको. भिशीचा मेसेज तोपर्यंत थांबू दे, कोर्टाचं काम मात्र थांबवू नका. दाव्यावर सही त्याचीच लागते. ती मागायला जाल तेव्हाच बाकीचं बोलणं निघेल.

तुमची बायको बरोबर बोलते. तिला ‘तुला कळत नाही’ म्हणू नका. वहीचं काम बॅचमधल्या एखाद्या हिशोबी पोराकडे द्या, बागेचं दुसऱ्याकडे. तुम्ही कोर्ट आणि रात्रीची एक पाळी, एवढंच ठेवा. आणि या महिन्यात एकदा दोघं हरिपूरला संगमावर जाऊन या. येताना भडंग आणा, त्यालाही एक पुडा.

आणि हो, तो फ्लेक्स अजून चौकात असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच उतरवा, सुतळीनंच बांधलाय म्हणालात. फक्त आपल्याकडच्या सवयीप्रमाणे तो कुणाच्या गोठ्यावर पावसाला टाकू नका, चेहऱ्याची बाजू वर राहील.